टीव्हीवरचा नवा पडदा : आधी आईने बसायचं

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे आमचं नाही, हे पोरांचं. विषय आहे टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं यंत्र. त्याला कन्सोल म्हणतात. खेळ कसा खेळायचा हे मी सांगणार नाही, ते पोरं आपल्याला शिकवतील. मी बोलणार आहे ते यंत्र पहिल्यांदा चालू केल्यावर समोर येणाऱ्या पडद्याबद्दल. त्या पडद्यावर काय असतं, ते कसं वाचायचं आणि तिथे आपण का बसायचं, एवढंच.

हा विषय डिंगोऱ्यात कशाला, असं वाटेल. बघा, आपल्या जुन्नर-आंबेगावातल्या किती तरी घरांतली माणसं मुंबईला, पुण्याला कामाला आहेत. दिवाळीला, यात्रेला मुंबईकर गावी येतात तेव्हा नवीन वस्तू त्यांच्या पिशवीतून येते. पूर्वी टेप आला, मग डीव्हीडी आली, मग मोबाइल. आता त्यांच्या पोरांनी नवं यंत्र घेतलं की जुनं पुतण्याला, भाच्याला मिळतं. दुसरं कारण आपल्याच शिवारातलं. ऊस वाढला, बिबट्या उसात राहायला लागला, आणि दिवस मावळला की आपण मुलांना अंगणातसुद्धा सोडत नाही. मग संध्याकाळचे तीन तास मुलांनी करायचं काय? नुसतं 'गेम नको' म्हणून भागत नाही. घरात खेळ येणार असेल तर तो कुणाच्या हिशोबाने येणार, हा खरा प्रश्न आहे. आणि तो पहिल्याच दिवशी, पहिल्याच पडद्यावर ठरतो.

आधी ओळख करून घेऊ

हे यंत्र प्रामुख्याने तीन कंपन्यांचं मिळतं. सोनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचं स्विच. यातलं प्लेस्टेशन ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आलं आणि भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला विकायला लागलं. तेव्हा त्याच्या डिस्कवाल्या यंत्राची किंमत होती ४९,९९० रुपये. म्हणजे पन्नास हजाराला दहा रुपये कमी. निन्टेन्डोचं नवं स्विच २ जून २०२५ मध्ये बाहेरच्या देशांत आलं. मी आज जास्त करून प्लेस्टेशन ५ चं उदाहरण घेते, कारण ते आपल्याकडे दुकानात रीतसर मिळतं. पण सांगते त्यातलं बरंचसं तिन्हींना लागू आहे.

यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्यावरची चित्रं, बटणं, याद्या, खुणा, या सगळ्याला मिळून इंटरफेस म्हणतात. नाव अवघड आहे, वस्तू ओळखीची आहे. एटीएमसमोर आपण उभ्या राहतो, भाषा निवडतो, रक्कम टाकतो, तो एटीएमचा इंटरफेस. रेडिओची खुंटी फिरवून स्टेशन लावतो, तो रेडिओचा. घराच्या ओसरीसारखं समजा. आलेला माणूस आधी ओसरीवर येतो आणि तिथूनच ठरतं की तो माजघरापर्यंत जाणार का पाणी पिऊन परत जाणार.

चालू केल्यावर आधी काय होतं

पुष्कळदा आधी काहीच होत नाही. टीव्हीवर 'नो सिग्नल' एवढंच येतं. यंत्र बिघडलेलं नसतं. टीव्हीच्या रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' नावाचं बटण असतं. ते दाबून, यंत्राची वायर टीव्हीच्या ज्या खाचेत लावली असेल तो क्रमांक निवडायचा. सेट टॉप बॉक्स एका क्रमांकावर असतो, हे यंत्र दुसऱ्या.

मग चित्र येतं, आणि आपला हात सवयीने टीव्हीकडे जातो. मोबाइलवर आपण बोटाने दाबतो ना! इथे तसं होत नाही. टीव्हीला बोट लावून काही घडत नाही. हातात जो दोन मुठींचा रिमोट असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात, त्यानेच सगळं चालतं. पडद्यावर चौकोनी चित्रांची रांग दिसते. त्यातलं एक चित्र बाकीच्यांपेक्षा मोठं किंवा उजळ दिसतं. त्याचा अर्थ, तुम्ही आत्ता इथे उभ्या आहात. कंट्रोलरची डावी काठी उजवीकडे सरकवली की तो उजेड पुढच्या चित्रावर जातो. प्लेस्टेशनमध्ये तर त्याबरोबर मागचं सगळं दृश्यही बदलतं. पहिल्यांदा बघणारीला वाटतं, अरे, गेम सुरू झाला की काय. नाही झाला. आपण फक्त दारासमोर उभ्या आहोत, कडी अजून वाजवलेली नाही. कडी वाजवायचं बटण वेगळं आहे, आणि तिथेच खरी गंमत आहे.

फुली म्हणजे हो

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर उजव्या हाताला चार बटणं असतात. त्यांवर त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन अशा खुणा आहेत. आपल्याला शाळेत काय शिकवलं? फुली म्हणजे चूक. मतदार यादीत, हजेरीत, गटाच्या वहीत, कुठेही फुली मारली म्हणजे नाही, रद्द. पण या कंट्रोलरवर फुली म्हणजे हो. फुली दाबली की निवड पक्की होते. आणि गोल दाबला की मागे जातो, रद्द होतं.

हे उलटं का, तर त्याची गोष्ट आहे. हे यंत्र जपानचं. पहिलं प्लेस्टेशन जपानमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये आलं. जपानी लोक बरोबर उत्तराला गोल करतात आणि चुकीच्या उत्तराला फुली मारतात. म्हणून त्यांच्याकडे गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही, असंच होतं. अमेरिका-युरोपात मात्र पहिल्यापासून फुली म्हणजे हो असं रूढ झालं. पंचवीस वर्षं एकाच यंत्राच्या दोन रीती चालल्या. शेवटी २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं तेव्हा कंपनीने जपानमध्येही फुली म्हणजे हो करून टाकलं. जपानी लोकांनाही नव्याने सवय करावी लागली. तेव्हा आपल्याला पहिल्या दिवशी अडखळायला झालं तर त्यात आपलं अज्ञान वगैरे काही नाही. खुणेचा अर्थ जिथला तिथे ठरतो.

बाकीच्या दोन यंत्रांत आणखी वेगळं. एक्सबॉक्स आणि निन्टेन्डो दोघांच्याही कंट्रोलरवर इंग्रजी 'ए' आणि 'बी' ही अक्षरं आहेत, आणि दोन्हीकडे 'ए' म्हणजे हो. पण एक्सबॉक्सवर 'ए' खालच्या बाजूला आहे आणि निन्टेन्डोवर उजव्या बाजूला. एका घरात एक शिकलेली बाई दुसऱ्या घरात गेली की तिचा अंगठा चुकीच्या जागी जातो.

मग लक्षात काय ठेवायचं? बटणांचं पाठांतर नको. बऱ्याच पडद्यांवर खालच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कुठल्या खुणेने काय होईल. आधी ती खालची ओळ बघायची, मग बटण दाबायचं. आणि पडद्यावर रुपयांचा आकडा दिसत असेल तर 'हो'चं बटण दाबायच्या आधी हात थांबवायचा. एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ आहे.

मराठी नाही, म्हणून अडायचं नाही

मोबाइलमध्ये आपण मराठी भाषा निवडू शकतो. या यंत्रांत तसं नाही. जपानी, फ्रेंच, स्पॅनिश अशा कितीतरी भाषा यादीत असतात, मराठी नाही. त्यामुळे इंग्रजी निवडावी लागते. घरात इंग्रजी वाचणारं पोर असतं, म्हणून आपण म्हणतो, तूच कर बाबा. आणि तिथेच सगळी सूत्रं त्याच्या हातात जातात.

मुंबईचे डबेवाले आठवा. त्यांतले बरेचसे आपल्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळकडचे. सगळेच काही फार शिकलेले नव्हते. डब्याच्या झाकणावर रंग, आकडे आणि एकदोन अक्षरं. त्यावरून कळायचं की डबा कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या भागात न्यायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर. सगळं इंग्रजी वाचता येण्याची गरज नव्हती. कामापुरत्या खुणा पक्क्या हव्या होत्या. आपल्यालाही तेवढंच करायचंय. कामाचे शब्द सांगते, वहीत लिहून घ्या आणि पोराकडून इंग्रजी अक्षरं शेजारी लिहून घ्या.

'कन्फर्म' म्हणजे पक्कं करा. 'कॅन्सल' किंवा 'बॅक' म्हणजे रद्द, मागे. 'बाय' किंवा 'परचेस' म्हणजे विकत घ्या. 'ॲड टू कार्ट' म्हणजे टोपलीत टाका. 'स्टोअर' म्हणजे दुकान. 'सेटिंग्ज' म्हणजे यंत्राची घडी बसवण्याची जागा, तिथे दातेरी चाकाची खूण असते. 'यूजर' किंवा 'प्रोफाइल' म्हणजे आत्ता कोणाच्या नावावर यंत्र चालू आहे ते. आणि 'पॅरेंटल कंट्रोल्स' म्हणजे आईबापांच्या हातातला लगाम. एवढे आठ-दहा शब्द. आपण गटाच्या कर्जाच्या अर्जात याहून अवघड शब्द वाचतो.

ओसरीवर दुकान

आता तो मुख्य पडदा नीट बघू. प्लेस्टेशन ५ च्या पडद्यावर वर डाव्या कोपऱ्यात दोन शब्द असतात, 'गेम्स' आणि 'मीडिया'. मीडियामध्ये सिनेमे, गाणी, यूट्यूब वगैरे. उजव्या कोपऱ्यात शोधण्याचं भिंग, दातेरी चाक आणि खेळणाऱ्याचं छोटं गोल चित्र. त्याखाली ती चौकोनांची रांग. रांगेत अलीकडे खेळलेले गेम असतात आणि शेवटी 'गेम लायब्ररी', म्हणजे आपल्याकडच्या सगळ्या गेमची फळी.

पण त्याच रांगेत, त्याच मापाच्या चौकोनात दुकानही असतं. मी हा पडदा पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या मनात हेच भरलं. आपल्या घरातली, आपण पैसे देऊन आणलेली वस्तू आणि दुकानात मांडलेली वस्तू, दोन्ही एकाच फळीवर. आठ वर्षांच्या मुलाला त्यातला फरक दिसणार कसा? दुकान आपल्या ओसरीवर मांडून ठेवलंय आणि दुकानदार दिसत नाही, तागडी दिसत नाही, पैसे हातातून जाताना दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट. काही गेमवर 'फ्री' लिहिलेलं असतं. फुकट. तो गेम खरंच फुकट सुरू होतो. पण आत गेल्यावर खेळाडूचा पोशाख, हत्यार, नाच, यांना किंमत असते. ती किंमत रुपयांत नसते, गेमच्या नाण्यांत असते. आधी रुपये देऊन नाणी घ्यायची, मग नाण्यांनी पोशाख. जत्रेत पाळण्याची कुपनं घेतो तसं. हातात कुपनं आली की ती पैसे वाटत नाहीत, भराभर संपतात. काही गेममध्ये तर बंद पेटी विकत घ्यायची असते आणि आत काय निघेल ते नशिबावर. पोराला त्याचा नाद लागतो, कारण पुढच्या पेटीत चांगलं निघेल असं वाटत राहतं. लॉटरीचं तिकीट फाडणाऱ्या माणसाला वाटतं, अगदी तसंच.

पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला. तो जुगारासारख्या खेळांसाठी आहे. गेममधला पोशाख विकत घेणं त्यात येत नाही. म्हणून 'आता सगळं बंद झालंय' असं समजून निर्धास्त राहू नका.

पहिल्या दिवशी कोणाच्या नावावर

आता सगळ्यात महत्त्वाचं. यंत्र नवीन असेल, किंवा जुनं पुसून कोरं करून आणलं असेल, तर पहिल्यांदा चालू करताना ते एकेक प्रश्न विचारतं. भाषा कुठली, वायफाय कुठलं, आणि मग खातं कोणाचं. खातं उघडताना जन्मतारीख विचारतं. इथे काय होतं, तर पोराला घाई असते. खरी तारीख टाकली तर यंत्र म्हणतं, मोठ्या माणसाला बोलव. मोठं माणूस असतं शेतात नाहीतर चुलीशी. मग पोरगं जन्मसाल टाकतं १९९०. झालं, यंत्राच्या लेखी ते प्रौढ माणूस झालं. आता त्याला अठराच्या पुढचे गेम दिसणार, अनोळखी माणसं त्याच्याशी बोलू शकणार, दुकान पूर्ण उघडं. आणि टाकलेली जन्मतारीख नंतर बदलणं सोपं नसतं.

म्हणून पहिलं खातं आईचं. किंवा बापाचं, आजोबांचं, पण घरातल्या मोठ्या माणसाचं. मोठ्यांचं खातं झालं की त्याच्या हाताखाली मुलांची खाती उघडायची, खऱ्या जन्मतारखेने. प्लेस्टेशनमध्ये या मोठ्या माणसाला 'फॅमिली मॅनेजर' म्हणतात, म्हणजे घराचा कारभारी. आपण गटात जसं अध्यक्ष, सचिव ठरवतो आणि बँकेत सह्या त्यांच्याच चालतात, तसं हे. कारभारणीला मुलाच्या खात्यावर चार गोष्टी ठरवता येतात.

एक, वय. गेमच्या पुड्यावर बऱ्याचदा ३, ७, १२, १६, १८ असा आकडा असतो. ती युरोपातली पद्धत आहे. त्या वयाच्या आतल्या मुलाला तो गेम योग्य नाही, असा त्याचा अर्थ. आकडा गेम अवघड किती हे सांगत नाही, त्यात मारामारी, शिव्या, रक्त किती हे सांगतो. दुकानदार 'पोरं हाच खेळतात' म्हणेल, आपण आकडा बघायचा. यंत्रात मुलाचं वय पक्कं केलं की त्यावरचे गेम उघडतच नाहीत.

दोन, वेळ. रोज किती तास आणि किती वाजेपर्यंत, हे यंत्रालाच सांगून ठेवता येतं. मग रोज आईने ओरडायचं काम राहत नाही.

तीन, खर्च. महिन्याला मुलाने किती रुपये खर्च करायचे, त्याची मर्यादा ठेवता येते. ती शून्य ठेवली तरी चालते. सुरुवातीला शून्यच ठेवा.

चार, बोलणं. गेम खेळताना दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या देशातल्या माणसाशी बोलता येतं, त्याचा मेसेज येतो. लहान मुलासाठी हे बंद ठेवता येतं. निन्टेन्डोच्या नव्या स्विच २ मध्ये तर सोळा वर्षांच्या आतल्या मुलाला बोलायचं असेल तर आईबापांनी आपल्या मोबाइलवरून परवानगी द्यावी लागते.

आणि हे सगळं केल्यावर एक कुलूप बसवायचं राहतं. प्लेस्टेशनमध्ये या बंधनांसाठी चार आकडी गुप्त क्रमांक असतो. नव्या यंत्रात तो चार शून्य असतो. ते सगळ्या जगाला माहीत आहे, आपल्या पोरालाही असणार. तो बदलायचा. गाडीचा नंबर, गॅसचा नंबर, जन्मसाल टाकू नका, ते पोरांना पाठ असतं. आणि त्याच ठिकाणी 'गेस्ट' म्हणजे पाहुणा म्हणून आत यायची सोय असते, तीही बंद करायची. नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार उघडं.

आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी आईबापांची खात्रीशीर संमती घ्यायला सांगितली आहे. पण आपल्या पोराने १९९० टाकलं असेल तर ती संमती मागायची कोणाकडे?

पैसा आपला आणि गटाचाही

पडद्यावर कधीतरी विचारतात, कार्डाचा नंबर टाका, पुढच्या वेळी सोपं जाईल. सोपं कोणाला, हे आपण ओळखायचं. कार्ड यंत्रात साठवू नका. गेम घ्यायचाच असेल तर ठराविक रकमेचं गिफ्ट कार्ड मिळतं, त्यावरचा क्रमांक टाकून तेवढेच पैसे जमा होतात. हजाराचं घेतलं तर हजारच जाणार.

बँकेच्या कार्डाला आणखी एक सोय आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये सगळ्या बँकांना सांगितलं की कार्डाचा ऑनलाइन वापर आणि परदेशातला वापर ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता आला पाहिजे, रकमेची मर्यादाही ठेवता आली पाहिजे. बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत जाऊन हे करता येतं. ज्यांना ऑनलाइन खरेदी करायची नसते, त्यांनी ते बंदच ठेवावं.

आता अध्यक्ष, सचिव असलेल्या मैत्रिणींना खास सांगते. तुमच्या मोबाइलवर तुमचं खातं आहे, गटाचे मेसेज आहेत, काहींच्या मोबाइलवर गटाच्या व्यवहाराचे ओटीपी येतात. तोच मोबाइल आपण 'घे, गप्प बस' म्हणून पोराच्या हातात देतो. ओटीपी वाचायला त्याला पहिलीतलं ज्ञान पुरतं. पिन त्याने आपल्या खांद्यावरून कधीच पाहिलेला असतो. घरचे पैसे गेले तर घरात भांडण होतं. गटाचे गेले तर वीस बायकांचा विश्वास जातो. म्हणून पिन कोणाला सांगायचा नाही, अगदी लाडक्या लेकालाही नाही. आणि फसवणूक झालीच, कुणी बाहेरच्याने पैसे काढले, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि बँकेला कळवायचं. जितका उशीर, तितके पैसे हातातून लांब.

वीज आणि नेट

आपल्याकडची दोन दुखणी या यंत्राला लगेच कळतात. पहिलं, वीज. पोरं खेळून उठतात तेव्हा यंत्र पुष्कळदा पूर्ण बंद होत नाही, डुलकी घेतं. प्लेस्टेशन ५ वर तेव्हा केशरी दिवा असतो. केशरी दिवा असताना बोर्डाचं बटण बंद करायचं नाही, वायर ओढायची नाही. आतली माहिती बिघडू शकते. ज्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही, तिथे डुलकी नकोच. कंट्रोलरच्या मधलं बटण एकदा दाबलं की खाली छोट्या खुणांची पट्टी येते. त्यात वीज चालू-बंदची खूण असते. तिथे 'टर्न ऑफ' निवडायचं, दिवा विझला की मग बोर्डाचं बटण.

दुसरं, नेट. आजचे मोठे गेम पन्नास-शंभर जीबीचेही असतात. आपल्या मोबाइलचा रोजचा पॅक दीड जीबीचा असेल तर पन्नास जीबीचा गेम उतरवायला तेहतीस-चौतीस दिवसांचा सगळा डेटा लागेल, तोही दुसरं काही न बघता. म्हणून घ्यायच्या आधी गेमचा आकार विचारायचा. डिस्क आणली तरी वरून भर म्हणून पुष्कळदा डाउनलोड लागतं.

कंट्रोलर कोणाच्या हातात

शेवटचं एक. घरात कंट्रोलर एकच असतो आणि तो बहुतेक वेळा पोराच्या हातात असतो. पोरगी भाकरी थापायला बसलेली किंवा बाजूला बसून बघणारी. यंत्रात खाती उघडताना लेकीचंही खातं उघडा, तिच्या नावाने, तिच्या चित्राने. वेळेची मर्यादा लेकाला एक तास असेल तर लेकीलाही एक तास. पडद्यावर तिचं नाव दिसलं की तिची पाळी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि आपणही बसायचं. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं पोराला म्हणायचं, मला दाखव, तू काय दाबतोस. त्याला फार आनंद होतो. आपल्या आईला काही तरी शिकवायला मिळतंय, ही गोष्ट मुलाला रोज कुठे मिळते? तो सांगत असतो आणि आपल्याला पडदाही कळत जातो, पोरही कळत जातं. उद्या गेममध्ये कोणी त्याला त्रास दिला, पैसे मागितले, तर ते सांगायला तो आपल्याकडे येईल. ज्या आईला यातलं काही कळत नाही असं त्याला वाटतं, तिच्याकडे तो येणार नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. ज्यांच्या घरी असं यंत्र आहे, किंवा ज्यांच्या मोबाइलवर पोरं गेम खेळतात, त्यांनी तीन गोष्टी बघून यायच्या. खातं कोणाच्या नावावर आणि कुठल्या जन्मसालाचं आहे. कार्ड किंवा पैशाचं काही साठवलंय का. आणि गुप्त क्रमांक चार शून्य तर नाही. बैठकीत वहीवर लिहा, ज्यांना जमलं नाही त्यांना ज्यांना जमलं त्यांनी मदत करा. मोबाइलवर मराठी भाषा निवडून हे सुरू करता येतं, म्हणून सुरुवात मोबाइलपासून केली तरी चालेल.

मुलांनी खेळू नये असं माझं म्हणणं नाही. खेळू दे. फक्त दार आपण उघडायचं आणि किल्ली आपल्या पदराला बांधायची. पुन्हा भेटू. नमस्कार.